पहिलं लाइव्ह गिग (स्टेजवरचा कार्यक्रम) आणि ड्रमर: या चुका टाळा

कॉलेजचा फेस्ट असो की कॅफेतला शनिवारचा शो, नवा ड्रमर तयारी करतो ती गाण्यांची. फिल (ठेक्याच्या मधे भरलेले छोटे तुकडे), ब्रेक, शेवट, सगळं पाठ. पण पहिल्या गिगला घोळ होतो तो वाजवण्यात कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त. सेट परका असतो, लावायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकते, बेस गिटार ऐकूच येत नाही. याची तालीम सहसा कोणी करत नाही.

"ड्रमसेट तिथे आहे" एवढ्यावर निघणं

बहुतेक ठिकाणी सेट आयोजकांचा किंवा साउंडवाल्यांचा असतो आणि सगळे बँड त्यावरच वाजवतात. त्यात काय काय येतं ते आधी फोन करून विचारा. स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम), सिंबल (झांजा) आणि किकचं पेडल ज्याचं त्याने आणायचं, अशी साधारण रीत आहे. टॉम (फिल वाजवायचे ड्रम) किती तेही विचारा. फिल तीन टॉमवर बसवलेत आणि तिथे दोनच निघाले, तर ते घरीच बदलून घेता येतात. डावखुरे असाल तर नक्की कळवा. अख्खा सेट उलटा लावायला वेळ जातो.

पिशवीत ड्रम की (ड्रमचे स्क्रू फिरवायची चावी), स्टिक्सच्या दोन-तीन जोड्या, सिंबल बसवायचे जास्तीचे फेल्ट आणि विंगनट, कापडी चिकटपट्टी आणि स्वतःचा हायहॅट क्लच (हायहॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी; क्लच तिचं वरचं सिंबल धरून ठेवतो) हवा. क्लच कोणाला आठवत नाही. त्याचा खालचा नट सैल झाला की वरचं सिंबल खालच्यावर जाऊन बसतं आणि हायहॅट उघडतच नाही. असं झालं तर थांबू नका; बंद हायहॅटवर किंवा राइड सिंबलवर गाणं पुरं करा, नट मधल्या वेळात लावा.

आधी स्टँड, मग बसणं

नवखे आधी क्रॅश सिंबलची उंची ठरवत बसतात. खरं तर आधी थ्रोनवर (ड्रमरच्या स्टुलावर) बसा, उंची जुळवा, दोन्ही पाय पेडलवर ठेवा, मग स्नेअर. टॉम आणि सिंबल शेवटी. वेळ संपलाच तर एखादं सिंबल जरा लांब राहील, ते चालतं. थ्रोन चुकीचा असेल तर दुसऱ्या गाण्यात मांड्या भरून येतात.

किक पळते

मंडपवाल्यांच्या स्टेजवर प्लायवर नुसती मॅट टाकलेली असते आणि ती किकसकट सरकते. किकच्या पुढच्या पायांचे रबर फिरवून मागे घ्या; बऱ्याच सेटना आत लोखंडी टोक असतं. ते बाहेर आलं की पाय रुततो. स्वतःचा गालिचा नेणार असाल तर थ्रोनही त्यावर मावेल एवढा मोठा घ्या, म्हणजे तुमच्याच वजनाने तो जागेवर राहतो. तोही नसेल तर थ्रोनच्या पायापासून किकच्या पायांपर्यंत एक पट्टा बांधा. दिसायला गावठी, पण शो निभावतो.

साउंडचेकमध्ये सोलो

साउंडवाले दादा "किक द्या" म्हणाले की फक्त किक द्यायची, एकसारखी, आणि शोमध्ये माराल तेवढ्याच जोराने. इथे हळू वाजवून नंतर उत्साहात दुप्पट मारलं की सगळं मिक्स बिघडतं. दुसऱ्याचा चेक चालू असताना हात आवरा. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) सगळंच मागू नका. बेस, गायक आणि स्वतःची किक एवढं आधी मागा.

छाती धडधडते, गाणं पळतं

अंगात अॅड्रेनॅलिन चढलं की नेहमीचा वेग संथ वाटायला लागतो आणि काउंटच (गाणं सुरू करायची स्टिक्सवरची मोजणी) वेगात जातो. सेटलिस्टवर प्रत्येक गाण्यापुढे बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लिहा. फोनवरचा मेट्रोनोम हेडफोनमध्ये दोन आवर्तनं ऐका, मगच स्टिक्स वाजवा. फोन एअरप्लेन मोडवर हवा. नाहीतर नेमका तेव्हाच आईचा कॉल येतो.

हातातून स्टिक सुटणारच, म्हणून घरी मुद्दाम सोडून बघा. एका हाताने ठेका चालू ठेवत दुसऱ्याने फ्लोअर टॉमला टांगलेल्या बॅगेतून नवी काढायची. रिमशॉट (स्नेअरची कड आणि कातडं एकदम वाजवणारा घाव) जोरात मारत असाल तर ज्या बाजूला घाव बसतो तिथला स्नेअरचा स्क्रू सैल होतो. दोन गाण्यांमध्ये की फिरवून घ्या.

कानांची तयारीही घरीच करायची. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेनुसार १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं आहे. इअरप्लग घालूनच सराव करा, नाहीतर स्टेजवर सगळंच अनोळखी वाटेल.

वेळ कापला जाणार हे न धरणं

उघड्यावरच्या कार्यक्रमात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० नंतर, खास सवलतीचे दिवस सोडले तर, स्पीकर बंद. आधीचे बँड लांबले की कात्री लागते ती शेवटच्यांना. कोणती दोन गाणी गाळायची हे बँडने आधीच ठरवावं आणि ड्रमरच्या सेटलिस्टवर त्यांना खूण असावी, कारण पुढचा काउंट तोच देणार. वाजवून झालं की आपली सिंबल स्टँडसकट स्टेजच्या बाजूला न्या आणि तिथे सोडवा. स्टेजवर फेल्ट मोजत बसलात तर पुढच्या ड्रमरची दहा मिनिटं तुम्ही खाल्लीत.