टोचन करायच्या हुकला गंज लागू देऊ नका: या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की लोक वायपर बदलतात, टायर बघतात, एसीला वास येतोय म्हणून फिल्टरसुद्धा बदलतात. बंपरवरचं ते छोटं झाकण मात्र कोणी उघडून बघत नाही. त्याच्यामागे आटे असलेलं भोक असतं, डिकीत स्टेपनीजवळ जॅक-पान्यासोबत एक जाडजूड हुक पडलेला असतो, तो त्यात फिरवून बसवायचा आणि गाडी टोचन करायची, एवढं सोपं प्रकरण आहे. पण ते झाकण काही वॉटरप्रूफ नसतं. चिखलाचं पाणी आत जातं, माती वाळते, पुढच्या पावसात परत भिजते, आणि अलिबाग, रत्नागिरी, मालवण असं किनाऱ्याला राहत असाल तर उरलेलं काम खारी हवा करते.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं ती. हुक हाताने जात नाही म्हणून त्यात पान्याचा दांडा घालून जोर लावणे. मागे ताम्हिणीत ओळखीच्या एकाची गाडी साइडपट्टीवरून खाली घसरली, पुढचं चाक चरात. हुक दोन आटे गेला आणि अडकला. मी म्हणतोय अरे थांबा, आत माती आहे, आधी साफ करू, पण अशा वेळी जमलेल्या गर्दीत एक तरी उत्साही वीर असतोच, त्याने दांडा घातला आणि गरगर फिरवला, हुक तिरका बसला हे लांबून दिसत होतं तरी ‘बसला बसला’ म्हणून आरडाओरडा, बोलेरोला दोर बांधला आणि ड्रायव्हरने दिला हिसका. हुक उपटून निघाला तो थेट बोलेरोच्या मागच्या दिव्यात. मध्ये कोणी उभं नव्हतं म्हणून दिव्यावर निभावलं. पुढे गॅरेजला कळलं की आटे पार मेलेत, आणि या गाडीत ते भोक बंपरच्या आतल्या लोखंडी बीमला वेल्ड केलेलं, म्हणजे बीमच बदला. खर्च ऐकून मालक गप्प. उत्साही वीर अर्थातच तेव्हा तिथे नव्हता.

हुक शेवटपर्यंत हातानेच जायला पाहिजे. पूर्ण बसल्यावर शेवटचं घट्ट करायला दांडा, त्याआधी नाही. अर्धवट बसलेल्या हुकवर गाडी ओढायची नाही, म्हणजे नाहीच.

माझी सवय अशी आहे की पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा झाकण काढायचं, टॉर्च मारायचा, जुन्या टूथब्रशने आटे घासायचे, माती जास्त असेल तर पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यायची (तोंड बाजूला ठेवून, डोळ्यात जातं). गंज दिसला तर डब्ल्यूडी ४० सारखा स्प्रे मारून रात्रभर सोडायचं, सकाळी हुक थोडा आत, थोडा बाहेर, पुसायचा, परत आत. घाई केली की आटे गेले. तरीही अडकत असेल तर मेकॅनिककडून योग्य मापाचा टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून घ्या, घरी प्रयोग नकोत. आणि हो, फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत हे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतात. ‘जाम झालाय’ म्हणणाऱ्यांनी आधी मॅन्युअल उघडावं.

दुसरी आवडती चूक ग्रीसची. कुठलातरी व्हिडिओ बघायचा आणि बोटाने भोक ग्रीसने ठासून भरायचं. ग्रीसला वाळू चिकटते आणि आत पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते, मग हुक फिरवाल तेव्हा तीच आटे खाते. हुकच्या आट्यांवर बोटाने पुसट थर, बस्स. आणि स्प्रे मारला म्हणजे वर्षभराची काळजी मिटली असंही नाही, तो पातळ थर फार टिकत नाही.

थार, बोलेरोसारख्या गाड्यांना पुढे कायमचे हुक असतात. वरवरचा तांबूस गंज असेल तर वायर ब्रश, प्रायमर, काळा रंग. पण पापुद्रे सुटत असतील किंवा वेल्डजवळ चीर असेल तर रंग फासून झाकू नका, आणि कृपा करून ग्रिलवाल्याकडून टाका मारून घेऊ नका. त्या हुकवर अख्ख्या गाडीचं वजन येणार आहे, खिडकीचे गज नाहीत ते.

बाकीच्या पटापट:

बंपरला रंग मारून घेतलात तर झाकण उघडतंय का ते तिथेच बघा, रंगाने चिकटवून देतात.

गाडीखालच्या पातळ कड्या बऱ्याचदा ट्रेलरवर गाडी बांधायच्या असतात, ओढायच्या नाहीत.

हुक बाजूला तिरका ओढू नका, सरळच ओढा.

सेकंडहँड गाडी घेताना डिकीत हुक आहे का बघा, बऱ्याचदा नसतोच, आणि दुसऱ्या गाडीचा हुक ‘चालून जाईल’ म्हणून लावू नका.

समुद्रावर गाडी घालणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

झाकण हरवलं असेल तर चिकटपट्टी लावून फिरू नका, पाणी आत जातं ते जातंच, वर बाहेर यायला जागा राहत नाही. नवीन मागवा. बऱ्याचदा बिनरंगाचं काळं मिळतं, तेच लावा, लाल बंपरवर काळा ठिपका दिसला तर दिसू दे.