जेसन-एक्सएमएल फाइल कॉम्प्रेस करताना या चुका टाळा

आंब्याचा हंगाम चढला की रत्नागिरी-देवगडकडच्या पॅकहाउसमध्ये पेटीगणिक एक नोंद होते: बागायतदार, बाग, डझन, प्रत, वजन, गाडी, वेळ. मासळी उतरते त्या बंदरांवरही तोच प्रकार. या नोंदी जेसन किंवा एक्सएमएलमध्ये (दर मूल्यासोबत रकान्याचं नाव लिहिणाऱ्या मजकुराच्या फाइलींमध्ये) साठतात आणि संध्याकाळी कुठे ना कुठे पाठवायच्या असतात. पावसच्या पुढे किंवा आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे डोंगराआड रेंज धड मिळत नाही. तिथे फाइल लहान झाली तर जाते, नाही तर रात्रभर अडकून पडते. मग लोक झिप करतात, म्हणजे फाइल दाबून लहान करतात, आणि मनासारखी लहान झाली नाही की भलत्याच जागी काटछाट सुरू करतात.

ही काटछाट हमखास रकान्यांच्या नावांवर होते. 'बागायतदाराचे_नाव' कापून 'बना', 'वजन' कापून 'व'. कृपा करून हे करू नका. झिप आणि जीझिप ज्या डिफ्लेट पद्धतीवर चालतात, ती आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा दिसला की तो लिहीतच नाही. 'इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचल', एवढाच निर्देश ठेवते. एका निर्देशात २५८ बाइटपर्यंत मजकूर उचलला जातो. शेकडो वेळा आलेलं लांबलचक नाव तिला जवळपास फुकटात पडतं. नाव आखडून जागा वाचते अगदी थोडी, आणि दोन हंगामांनी 'बना' म्हणजे काय हे सांगायला कुणी उरत नाही. डोळ्यांना खटकणारी पुनरुक्ती कॉम्प्रेसर आपणहून काढतो. आपण शोधायची ती त्याला न दिसणारी.

त्याला न दिसण्याचं एक कारण म्हणजे अंतर. डिफ्लेटला मागचे फक्त ३२ किलोबाइट आठवतात. समजा प्रत्येक पावतीत संस्थेचा ४० किलोबाइटचा लोगो बेस-६४ करून (चित्राचे बाइट साध्या अक्षरांत लिहून) घातला आहे. दुसऱ्या पावतीतला लोगो येईपर्यंत पहिला नजरेआड गेलेला असतो, म्हणून पुन्हा पुन्हा तो नव्यानेच साठतो. त्यात बेस-६४ मुळे दर ३ बाइटचे ४ होतात. जेपीईजी किंवा पीएनजी चित्र तर आधीच दाबलेलं असतं, ते आणखी काय दबणार? लोगो एकदाच वेगळा ठेवा आणि पावतीत त्याचं फक्त नाव लिहा. ते शक्य नसेल तर मोठी स्मृती असलेली पद्धत घ्या. झेडस्टँडर्ड या दाबणाऱ्या साधनाच्या लाँग पर्यायात ती १२८ मेगाबाइट असते, एक्सझेड या दुसऱ्या साधनाच्या नेहमीच्या पातळीला ८ मेगाबाइट.

झिपबाबत आणखी एक गोष्ट सुटते. झिप आतली प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबते. हजार पावत्यांच्या हजार फाइली केल्यात तर एकीतलं साम्य दुसरीला कळतच नाही. आधी टार करून (सगळ्या फाइली एकात जोडून) मग दाबा, किंवा दिवसाच्या पावत्या एकाच फाइलीत ओळीने लिहा.

दुसरं कारण मराठीत फार सतावतं. कॉम्प्रेसर अक्षर बघत नाही, बाइट बघतो. 'शेतकऱ्याचे' आणि 'शेतकर्‍याचे' हे शब्द पडद्यावर सारखे दिसतात. पहिल्यात 'ऱ' आणि हलन्त आहे, म्हणजे ६ बाइट. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे ९. दोन कीबोर्ड, दोन ऑपरेटर, की एका माणसाची दोन माणसं झाली. जुळणी तिथे तुटते, आणि पुढे यादीतही तो बागायतदार दोनदा येतो. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणं) नुक्ता लावलेला 'र' सुधारतं, या अदृश्य चिन्हाला मात्र हात लावत नाही. त्यासाठी बदलीचा नियम स्वतः लिहावा लागतो. एका रकान्यात देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक मिसळले असतील तर तेही एकसारखे करून घ्या.

इथेच एक सेटिंग तपासा. पायथन आणि पीएचपी या दोन्ही प्रोग्रामिंग भाषा जेसन लिहिताना मुळात देवनागरी अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहितात. यूटीएफ-८ या नेहमीच्या अक्षर-संकेतात ३ बाइटचं अक्षर त्यामुळे ६ बाइटचं होतं. दाबल्यावर फरक कमी होतो, पण उरतो. अक्षरं जशीच्या तशी लिहिण्याचा पर्याय दोन्हीकडे आहे.

आता खरा खर्च. माहिती सिद्धांताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की ज्याचा अंदाज करता येत नाही ते काही मर्यादेखाली दाबताच येत नाही. बागेचं ठिकाण १६.९९०२१५४८३७६२१९ असं लिहिलेलं मी वारंवार बघते. दशांशानंतर ५ अंक म्हणजे साधारण एक मीटर. फोनच्या जीपीएसची चूकच त्याहून मोठी असते. पुढचे सगळे अंक गोंगाट आहेत, आणि असा प्रत्येक अंक सव्वातीन बिटांहून थोडी जास्त जागा खातो. वेळेतले मिलिसेकंद तसेच. पेटी तोलल्याची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कुणाला हवी असते? पावतीला नेहमीचा चौथ्या आवृत्तीचा यूयूआयडी (आपोआप बनणारा, कुणाशी न जुळणारा लांब क्रमांक) दिला असेल तर त्यातले १२२ बिट यादृच्छिक असतात, ते कशानेच कमी होणार नाहीत. यंत्राचा क्रमांक आणि पुढे चढता अनुक्रमांक, एवढ्याने ओळख पटते आणि रेंज नसतानाही दोन टॅबलेटचे आकडे एकमेकांवर चढत नाहीत.

कुठला रकाना किती खातो हे अंदाजाने ठरवू नका. फाइलची प्रत घ्या, एक रकाना काढा, दाबा, आकार लिहून ठेवा, मग दुसरा. न दाबलेल्या फाइलीतला मोठा रकाना आणि दाबल्यावरचा मोठा रकाना सहसा एक नसतो.

मांडणी बदलायची तयारी असेल तर नोंदीगणिक न लिहिता रकान्यागणिक लिहा: सगळी वजनं एकत्र, सगळ्या वेळा एकत्र. २००० मध्ये आलेल्या एक्समिल या साधनाने एक्सएमएलसाठी हेच केलं, आज पार्के हे फाइल-स्वरूपही तेच करतं. क्रमाला अर्थ नसेल तर बागेनुसार लावून घ्या. चढत्या वेळांसाठी मागच्या नोंदीपासूनचा फरक लिहा. जेसनमधल्या रकान्यांचा क्रमही दर नोंदीत एकच ठेवा.

फाइल कूटबद्ध करायची असेल तर आधी दाबा, मग कुलूप लावा. उलट केलंत तर एक बाइटही वाचणार नाही.

प्रत्येक पावती लगेच एकटीच पाठवायची असेल तर झेडस्टँडर्डला जुन्या पावत्या देऊन शब्दकोश (नेहमी येणाऱ्या मजकुराचा साठा) तयार करून घ्या, छोट्या फाइलींना त्याचा मोठा उपयोग होतो. पण तो शब्दकोश हरवला तर त्यावर दाबलेली एकही पावती उघडणार नाही. त्याची प्रत दोन्ही टोकांना आणि तिसऱ्या जागी ठेवा, नवा केलात तरी जुना पुसू नका.

अख्खा हंगाम एकाच सलग फाइलीत कोंबण्याचा मोहही आवरा. आकार सगळ्यात लहान येईल, पण मधला एक तुकडा बिघडला तर त्यापुढचं वाचता येणं अवघड होतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे वीज किती दिवस नव्हती हे इथल्या माणसांना सांगायला नको. अशा वेळी सगळा हंगाम एका फाइलीवर टांगलेला नको. दिवसाची एक फाइल करा, सोबत तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का हे पडताळणारा आकडा) पाठवा, आणि पलीकडे तो जुळल्याचं कळेपर्यंत मूळ फाइल पुसू नका.