टोमॅटोचा डबा, रोझमेरीची जुडी आणि 100 ग्रॅमचा घोळ

परदेशात नव्याने आलेली मंडळी पहिल्या काही आठवड्यांत डब्यांवरचे पोषणमूल्यांचे तक्ते फार मन लावून वाचतात. मीही तेच करत असे. ते तक्ते बहुधा 100 ग्रॅमच्या हिशेबाने मांडलेले असतात आणि घोळ नेमका तिथेच होतो.

रोझमेरी या सुगंधी वनस्पतीच्या 100 ग्रॅम ताज्या पानांत सुमारे 130 किलोकॅलरी, 14 ग्रॅम तंतुमय पदार्थ, 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. तेवढ्याच डबाबंद टोमॅटोत जेमतेम 20 किलोकॅलरी, एक-दोन ग्रॅम तंतू, 30 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि एक मिलिग्रॅमही न भरणारे लोह. हे आकडे वाचून मी एकदा एका डब्याच्या रश्श्यात रोझमेरीची अख्खी जुडी घातली होती. कापरासारखा उग्र दर्प, जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा आणि दातांत अडकणारी सुईसारखी पाने यांमुळे ते भांडे शेवटी तसेच रिकामे करावे लागले.

प्रत्यक्षात चिरलेली रोझमेरी मोठा चमचाभर घेतली, तरी ती पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर भरते. म्हणजे कॅल्शियम पाचेक मिलिग्रॅम आणि लोह मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. याउलट 400 ग्रॅमचा डबा रसासकट वापरला, तर सुमारे 750 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि बऱ्यापैकी ‘क’ जीवनसत्त्व मिळते. त्यामुळे पोषणासाठी टोमॅटो आणि सुगंधासाठी रोझमेरी अशी वाटणी आपण खुशाल करावी.

डबाबंद म्हणजे निकस, हा समज मात्र सोडून द्यावा. डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते, हे खरे. पण टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन त्याच उष्णतेमुळे पेशींतून मोकळे होते आणि सोबत थोडे तेल असल्यास शरीरात अधिक चांगले शोषले जाते. अख्ख्या किंवा चिरलेल्या टोमॅटोच्या डब्यावर घटकांमध्ये कॅल्शियम क्लोराइड दिसल्यास दचकू नये. फोडी घट्ट राहाव्यात म्हणून ते घालतात आणि त्याने डब्यातील कॅल्शियम थोडे वाढतेच.

खरी नजर ठेवायची ती मिठावर. बिनमिठाच्या डब्यात दर 100 ग्रॅमला 10 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, तर मीठ घातलेल्या डब्यात ते शंभराच्या वर सहज जाते. काही देशांत तक्त्यावर सोडियम लिहितात, तर काही देशांत मीठ. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. दोन डब्यांची तुलना करण्यापूर्वी त्या ओळीत नेमका कोणता शब्द छापला आहे, तेवढे आधी पाहून घ्यावे.