बंधाऱ्यावरच्या प्रवाहाचं मॉडेल चुकतं कुठे? या चुका टाळा

बंधाऱ्याचं संगणकावर मॉडेल केलं आणि माथ्यावरून पाणी कोसळतानाचं रंगीत ॲनिमेशन दिसलं, की मॉडेल जमलं असं वाटतं. पण ॲनिमेशनवरून अचूकता कळत नाही. ठरावीक हेडला (माथ्याच्या वर पाण्याची उंची) मॉडेल किती विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) देतं, यावरून ती कळते. म्हणून खऱ्या बंधाऱ्याला हात घालण्याआधी, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक बंधारा सोडवून पाहा.

उदाहरणार्थ, १ मीटर रुंद चॅनेल घ्या. त्यात पूर्ण रुंदीचा, धारदार माथ्याचा बंधारा, माथा तळापासून ०.३० मीटरवर आणि हेड ०.१५ मीटर. रेबॉकच्या सूत्रानुसार विसर्ग गुणांक (आदर्श विसर्गाला ज्याने गुणून खरा विसर्ग मिळतो तो आकडा) = ०.६०२ + ०.०८३ × (हेड ÷ माथ्याची उंची), म्हणजे सुमारे ०.६४४. सूत्रातली १.२ मिलिमीटरची दुरुस्ती हेडमध्ये मिळवून विसर्ग येतो सेकंदाला ११२ लिटर. मॉडेलचं उत्तर याच्या दोन-तीन टक्क्यांत आलं तरच पुढे जा. नाही आलं तर खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

हेड भलत्याच जागी मोजणं

सगळ्यात जास्त वेळा घोळ इथेच होतो. माथ्याजवळ येताना पाण्याची पातळी खाली वाकते. धारदार माथ्याच्या अगदी वर ती मूळ हेडच्या जवळपास ८५ टक्केच उरते. वरच्या उदाहरणात तिथे हेड मोजलं तर १५० ऐवजी सुमारे १२८ मिलिमीटर मिळेल आणि गुणांक ०.८२ निघेल. धारदार माथ्याला इतका गुणांक दिसला, की टर्ब्युलन्स मॉडेल (पाण्याच्या खळबळीचं गणित) बदलत बसू नका, मोजण्याची जागा बदला. जास्तीत जास्त हेडच्या ४ ते ५ पट अंतर वरच्या बाजूला जाऊन पातळी घ्या, आणि पाण्याचा अंश (निव्वळ हवा ०, निव्वळ पाणी १) ०.५ असलेली रेषा म्हणजे पृष्ठभाग धरा.

याच्याच जोडीची चूक म्हणजे वेगाचं हेड (पाण्याच्या वेगातली ऊर्जा उंचीच्या रूपात) मिसळणं. आपल्या चॅनेलमध्ये पाणी सेकंदाला साधारण ०.२५ मीटर वेगाने येतं आणि त्याचं हेड ३ मिलिमीटर भरतं. रेबॉकच्या सूत्रात पातळीवरून मोजलेलं हेड घालायचं असतं. तिथे एकूण ऊर्जा हेड घातलं तर विसर्ग ३ टक्क्यांनी फुगतो.

पाण्याच्या पडद्याखाली हवा न पोचणं

बंधारा चॅनेलच्या पूर्ण रुंदीचा असेल, तर पडणारा पडदा आणि बंधाऱ्याची मागची भिंत यांच्यामधली हवा कोंडते. पाणी ती ओढून नेतं, तिथला दाब घटतो, पडदा भिंतीकडे खेचला जातो आणि त्याच हेडला विसर्ग वाढतो. द्विमितीय मॉडेलमध्ये हवेला बाजूने यायला वाटच नसते, म्हणून हा दोष हमखास दिसतो. माथ्याच्या थोडं खाली, मागच्या भिंतीवर वातावरणाचा दाब असलेला छोटा पॅच ठेवा, म्हणजे तिथून हवा आत येईल. मग पडद्याखालचा दाब वाचा. तो वातावरणाच्या तुलनेत शून्याच्या आसपास असायला पाहिजे. प्रत्यक्ष बंधाऱ्याला हवेची नळी नसेल तर मात्र मॉडेलमध्येही ती देऊ नका.

मेश आणि टाइम स्टेप

मेश म्हणजे मॉडेलची जाळी, तिची एकेक चौकट म्हणजे सेल. १५० मिलिमीटर हेडमध्ये १ मिलिमीटर चुकला, की विसर्ग १ टक्क्याने चुकतो. व्हीओएफ पद्धतीत (प्रत्येक सेलमधल्या पाण्याच्या अंशावरून पृष्ठभाग ठरवणारी) पृष्ठभाग दोन-तीन सेलांत पसरतो, तेव्हा १०-१५ मिलिमीटरच्या सेलांकडून अचूकतेची अपेक्षा धरू नका. हेडच्या उंचीत किमान २० सेल ठेवा, माथ्याच्या धारेजवळ आणखी बारीक करा. पाणी तिथेच भिंतीपासून सुटतं. तीन वेगवेगळ्या मेशवर विसर्ग काढा, प्रत्येक वेळी सेलचा आकार किमान १.३ पटीने बदला. तिसऱ्या मेशवरही उत्तर हलत असेल तर काम संपलेलं नाही. पृष्ठभागाजवळ कूरां आकडा (एका टाइम स्टेपमध्ये पाणी किती सेल ओलांडतं तो) ०.५ च्या खाली ठेवा.

इनलेट, आउटलेट आणि घाई

इनलेटला (मॉडेलमध्ये पाणी आत येतं त्या कडेला) वेग आणि पातळी दोन्ही जखडल्या, तर मॉडेलला हेड स्वतः शोधायची मोकळीकच राहत नाही. विसर्ग द्या, पातळी मोकळी सोडा. आउटलेट (पाणी बाहेर पडतं ती कड) जलोच्छालाच्या, म्हणजे वेगवान पाणी एकदम उसळून संथ होतं त्या जागेच्या, मधोमध नको. तो खूप खाली न्या.

आणि थांबा. वरच्या बाजूला १० मीटर चॅनेल असेल तर त्यात साडेचार घनमीटर पाणी असतं. ते एकदा बदलायलाच ४० सेकंद लागतात. २० सेकंदांचं सिम्युलेशन चालवून गुणांक काढणं व्यर्थ आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा विसर्ग जुळेपर्यंत चालू द्या.

खऱ्या बंधाऱ्यावर

सांडव्याचा द्विमितीय काप खांबांमुळे होणारं आकुंचन पाहू शकत नाही. चौकोनी नाकाचे १० खांब आणि २ मीटर हेड असेल, तर प्रत्येकी ०.०२ गुणांकाने ०.८ मीटर (२ × १० × ०.०२ × २) रुंदी कमी होते. चौकोनी काठभिंतींचा ०.२ गुणांक धरला तर आणखी ०.८ मीटर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांब जवळजवळ असतात, म्हणून तिथे त्रिमितीय मॉडेलच करावं. बर्गे (खांबांमध्ये पाणी अडवायला बसवायच्या फळ्या) घातलेले असताना त्यांच्या फटींतून पाणी झिरपतं. कमी हेडला ही गळती धरली नाही, तर मॉडेल आणि मोजमाप जुळणारच नाहीत.

हेक-रास या नदीप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमितीय काम करत असाल तर एककं पाहा. रुंद माथ्याचा गुणांक मेट्रिकमध्ये सुमारे १.७ आणि फूट-पद्धतीत ३.१ असतो. मेट्रिक प्रकल्पात ३.१ टाकला गेला तर विसर्ग १.८ पट होतो, आणि सॉफ्टवेअरने तो आकडा स्वीकारला म्हणजे तो बरोबर ठरत नाही. पुरात खालचं पाणी माथ्यावर चढलं तर बुडीत प्रवाहाची घटही लावा. धारदार माथ्यावर खालचं हेड वरच्याच्या ८० टक्के झालं, की व्हिलमाँटच्या सूत्राने विसर्ग मुक्त प्रवाहाच्या ६२ टक्क्यांवर येतो.