ढेपेतला जीन दुधातून येतो? न्यूक्लिक आम्लांच्या पचनाबद्दल या चुका टाळा

बीटी कपाशीत बोंडअळीला मारणारा, एका जिवाणूचा जीन घातलेला असतो. म्हशीला तिच्या सरकीची ढेप चारली, तर तो जीन दुधातून लेकरांच्या पोटात जाईल का? 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हापासून विदर्भातल्या गावांत ही धास्ती आहे. जीन म्हणजे डीएनएचा तुकडा, आणि डीएनए हे एक न्यूक्लिक आम्ल. खाल्लेला डीएनए अख्खा रक्तात उतरतो, हा समज या धास्तीच्या मुळाशी आहे.

तसं होत नाही. डीएनए भाकरीत, तुरीच्या वरणात, अंबाडीच्या भाजीतही असतोच. लहान आतड्यात स्वादुपिंडाची न्यूक्लिएज विकरं (एन्झाइम) त्याची लांब साखळी तोडून न्यूक्लिओटाइड, म्हणजे फॉस्फेट, साखर आणि बेस यांच्या एकेक कड्या, मोकळे करतात. म्हशीच्या पोटात तर चाऱ्यातला बहुतेक डीएनए आधीच जंतू तोडतात. एखादा बारीक तुकडा रक्तात सापडला, तरी तो जीन म्हणून काम करू लागला असं होत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांचे गुण पुढच्या पायरीवर जातात. ‘न्यूक्लिओटाइड शोषले जातात’ एवढंच लिहून थांबू नका. फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते पेशीच्या पटलातून सहज जात नाहीत. आतड्याच्या अस्तरावरची विकरं आधी फॉस्फेट काढतात. मग उरतो न्यूक्लिओसाइड, म्हणजे साखर आणि नायट्रोजनयुक्त बेस. काहींचे पुढे हे दोन भागही सुटे होतात. न्यूक्लिओसाइड आत नेणारी वाहक प्रथिनं दोन प्रकारची: काही सोडियमच्या जोरावर, आत जास्त असले तरी ओढून घेतात; बाकीची जास्तीकडून कमीकडे जाऊ देतात. हा क्रम उत्तरात आलाच पाहिजे.

न्यूक्लिओटाइडच्या महागड्या पावडरी निरोगी माणसाने घेऊ नयेत. आपलं शरीर ते स्वतः बनवतं.

आता युरिक आम्ल. वर सांगितलेल्या बेसपैकी एका गटाला प्युरिन म्हणतात. अन्नातल्या बहुतेक प्युरिनचं आतड्याच्या अस्तरातच युरिक आम्ल होतं. त्याचा पुढे नाश करणारं विकर माणसात नाही, ते मूत्रपिंडांतून आणि थोडं आतड्यातून बाहेर पडतं. डाळीतही प्युरिन असतं, म्हणून युरिक आम्लाचा रिपोर्ट वाढीव आला की आपल्याकडे पहिल्यांदा वरण बंद होतं. मला हे फार खटकतं, कारण गरीब घरात प्रथिनांचा आधार तेच असतं. गाउटचा, म्हणजे युरिक आम्ल सांध्यांत साठून होणाऱ्या दुखण्याचा धोका मुख्यतः कलेजी, गुर्दा, सुकट, बोंबील, दारू यांनी वाढतो. डाळींमुळे तसा वाढताना दिसत नाही. म्हणून आधी कलेजी, सुकट, दारू वगैरे कमी करा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डाळ किती खायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.