चॉकलेटमधली बाकरवडी: पांढुरके पट्टे आणि चिकटपणा कसा गेला

लग्नाच्या वाढदिवसाला गच्चीवर दोघांपुरता बेत: डार्क चॉकलेटमध्ये बुडवलेली बाकरवडी. पण चॉकलेट बोटांना चिकटायचं, नंतर पांढुरके पट्टे. फ्रीजमध्ये घाम सुटून ती मऊ पडायची. नुसता वैताग!

जमलं ते असं. कोको बटरवालं चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेलं कंपाउंड नव्हे) २०० ग्रॅम, बारीक चिरून. त्यातलं दोन तृतीयांश डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात) ४५ अंशांपर्यंत वितळवलं. भांडं उतरवून आधी तळ पुसला. पाण्याचा थेंब गेला तरी चॉकलेट घट्ट, रवाळ होतं. उरलेलं थोडंथोडं घालत ३१-३२ अंशांपर्यंत ढवळलं. सुरीच्या टोकावरचा थेंब पाचेक मिनिटांत चकचकीत घट्ट झाला, मग बाकरवडीचं तेल टिश्यूने टिपून ती अर्धीच बुडवली. गुंडाळीतली खसखस दिसायलाच हवी. बटर पेपरवर, पंख्याखाली ठेवली. मे महिन्यात मात्र पुण्यात हे पहाटेच उरकावं.