मास्कमुळे डोळे कोरडे पडतात? या चुका टाळा

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम सुरू झाला, की सेलू-मानवतकडून डोळे तपासायला येणाऱ्या कामगारांची तक्रार ठरलेली असते: दिवसभर मास्क लावला, की संध्याकाळी डोळ्यांत खडे गेल्यासारखे खुपते. मास्कची वरची कड नाकाशी नीट बसली नसेल, तर प्रत्येक उच्छ्वास त्या फटीतून वर चढतो आणि बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर वाळवत राहतो. म्हणून मास्कच काढून ठेवणे ही पहिली चूक होय, कारण कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास होणारा दमा डोळ्यांच्या खुपण्यापेक्षा कितीतरी महागात पडतो.

खरी चूक मास्क बसवण्यात असते. नाकावरची तारेची पट्टी बहुतेक जण एका हाताच्या चिमटीने दाबून मोकळे होतात. त्यामुळे पट्टीला मध्येच टोक येते आणि दोन्ही बाजूंना, नेमकी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांखाली, फट राहते. पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या दांडीपासून गालांकडे दाबत न्यावी. त्यानंतर चष्मा किंवा साधा गॉगल लावून जोरात श्वास सोडावा. काचेवर खालून वाफ धरली, तर पट्टी पुन्हा बसवावी. एवढ्याला अर्धा मिनिटही लागत नाही, तरीही लोकांना आधी औषध हवे असते. वरच्या कडेला चिकटपट्टी लावण्याचा उपाय मला फारसा पटत नाही, कारण ती ताणून लावल्यास खालची पापणी ओढली जाते, डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडेपणा उलट वाढतो.

मात्र सर्वांत घातक घाई मेडिकल दुकानाच्या काउंटरवर होते. एका जिनिंगमधील मुकादमांना दुकानदाराने चिठ्ठीशिवाय थेंबांची बाटली दिली. थेंब टाकताच लाली उतरे आणि खुपणे थांबे. त्यामुळे बाटली संपली, की ते दुसरी आणत, आणि असे कित्येक महिने चालले. पुढे समोरून येणारी मोटारसायकल दिसते, पण बाजूने आलेली दिसत नाही, असे होऊ लागले तेव्हा ते तपासणीला आले. डोळ्यांतील दाब बराच वाढलेला होता आणि बाटलीवर बारीक अक्षरांत ‘डेक्सामेथासोन’ लिहिलेले होते. हे स्टिरॉइड आहे. दीर्घकाळ वापरल्यास त्याने काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो, परंतु काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ‘पण आराम तर पडत होता ना, साहेब!’ असे ते वारंवार म्हणत होते.

कोरडेपणासाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के यासारखे कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. ते दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवण्यासाठी घातलेले रसायन) नसलेले घ्यावेत. फोडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर टाकून द्यावी. गेल्या हंगामातली बाटली देवळीतून काढून वापरणारे अजूनही भेटतात. डोळ्यांतून पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, हा समजही चुकीचा आहे, कारण टोचणीमुळे वाहणारे ते पाणी बुबुळावर टिकत नाही. गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. डोळे चोळू नयेत. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपू नये. मोबाइल पाहताना पापण्या मुद्दाम मिटाव्यात, कारण तेव्हा त्या एरवीपेक्षा बऱ्याच कमी वेळा मिटतात.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर तो मास्कचा त्रास समजून थांबू नये. कापसाची पऱ्हाटी किंवा तुरीचे धसकट लागून बुरशीचा व्रण झालेला असू शकतो आणि त्यावर स्टिरॉइड पडल्यास तो झपाट्याने पसरतो. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि आधी टाकलेल्या थेंबांच्या सर्व बाटल्या सोबत न्याव्यात, कारण ‘लाल झाकणाचे औषध होते’ एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरांना काही उमगत नाही.